प्रादेशिक सेना

भारतीय भूसेनेला जोडलेले नागरिक-सैनिकांचे राखीव दल. एरवी नोकरी, शेती किंवा धंदा करणाऱ्या माणसांनी वर्षातले काही आठवडे गणवेशात काढायचे आणि गरज पडली की नियमित सैन्यासोबत उभे राहायचे, ही त्यामागची मूळ कल्पना. बोलताना मात्र ‘टेरिटोरियल आर्मी’ किंवा नुसते ‘टीए’ हेच नाव चालते. ‘सावधानी व शूरता’ हे दलाचे ब्रीद आहे.

दलाची मुळे इंग्रजी अमदानीत आहेत. १८५७ च्या उठावानंतर युरोपीय रहिवाशांची स्वयंसेवक पथके उभी राहिली. पहिल्या महायुद्धात माणूसबळ अपुरे पडू लागले, तेव्हा १९१७ मध्ये ‘इंडियन डिफेन्स फोर्स’ स्थापन झाले. १९२० च्या कायद्यांनी त्याचे सरळ कातडीच्या रंगावर दोन तुकडे केले. युरोपीय व अँग्लो-इंडियनांसाठी ‘ऑक्झिलरी फोर्स’, आणि भारतीयांसाठी ‘इंडियन टेरिटोरियल फोर्स’. विद्यापीठांतल्या पथकांची शाखा पुढे वेगळी वाढली. आजच्या एनसीसीची ती पूर्वज. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये प्रादेशिक सेना कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते दलाचे रीतसर उद्घाटन झाले. तोच दिवस ‘प्रादेशिक सेना दिन’ म्हणून पाळला जातो. सुरुवातीला यात पायदळाबरोबर चिलखती, विमानवेधी आणि वैद्यकीय पथकेही होती. त्यांतली बरीचशी १९७२ पर्यंत मोडीत निघाली किंवा नियमित सेनेत सामावली गेली. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत दलाने भाग घेतला.

भरतीसाठी वय १८ ते ४२. नियमित सेनेत ज्या वयात दार बंद होते, त्यापुढेही बरीच वर्षे हे दार उघडे असते. अधिकारी होऊ पाहणारा पदवीधर आणि कमावता असावा लागतो. हे उपजीविकेचे साधन नव्हे, असे लष्कर बजावून सांगते. तरी भरती मेळाव्याला आदल्या रात्रीपासून रस्त्याकडेला बॅगा उशाशी घेऊन झोपलेली पोरे पाहिली की हे बजावणे कुणी मनावर घेतलेले दिसत नाही. त्यांचेही अगदीच चुकते असे नाही. सरकारने पलटणीला प्रत्यक्ष सेवेत बोलावले (लष्करी भाषेत ‘एम्बॉडी’ केले), की जवान पूर्णवेळ सैनिक होतो, आणि पायदळाच्या अनेक पलटणी काश्मीर व ईशान्येत वर्षानुवर्षे अशाच तैनात राहिल्या आहेत. पलटण सेवेतून मोकळी झाली की पगार थांबतो. निवृत्तिवेतनासाठी प्रत्यक्ष सेवेचाच काळ मोजला जातो, जवानांना १५ आणि अधिकाऱ्यांना २० वर्षे. बोलावणे आल्यामुळे मूळ नोकरी सोडून जावे लागलेल्या माणसाला परत कामावर घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे.

‘प्रादेशिक’ हा शब्दही फसवा आहे. सैनिक आपल्याच मुलखात राहील, अशी हमी त्यात नाही. कायद्याप्रमाणे केंद्र सरकारच्या खास वा सर्वसाधारण आदेशाशिवाय त्याला देशाबाहेर पाठवता येत नाही, एवढेच. १९८७ मध्ये सुरू झालेल्या श्रीलंकेतील ‘ऑपरेशन पवन’ या लष्करी मोहिमेतही या दलाच्या तुकड्या होत्या. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी तणाव वाढला असताना केंद्राने लष्करप्रमुखांना हे दल बोलावण्याचे अधिकार दिले. तेव्हाच्या ३२ पायदळ पलटणींपैकी १४ तैनात करण्याची त्यात तरतूद होती.

प्रत्येक पायदळ पलटण एखाद्या नियमित रेजिमेंटशी जोडलेली असते आणि तिचे नेतृत्व नियमित सेनेतला अधिकारी करतो. पायदळाखेरीज विभागीय पथके असतात. रेल्वे, इंडियन ऑइल, ओएनजीसी अशा संस्थांचे कर्मचारीच त्यांत सैनिक असतात. संप किंवा आपत्तीत अत्यावश्यक सेवा चालू ठेवणे हे त्यांचे काम. पर्यावरण पलटणींची तऱ्हा आणखी निराळी. यांतली पहिली, १२७ वी, १९८२ मध्ये गढवाल रायफल्सच्या माजी सैनिकांतून उभी राहिली आणि चुनखडीच्या खाणींनी बोडके झालेले मसुरीचे डोंगर तिने पुन्हा हिरवे केले. त्याच धर्तीवर २०१७ मध्ये औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) महार रेजिमेंटची १३६ वी पलटण उभी राहिली. सैन्यातून निवृत्त झालेली माणसे पुन्हा गणवेश चढवून मराठवाड्याच्या मुरमाड जमिनीत खड्डे घेतात, रोपे लावतात. रोप लावण्यापेक्षा ते जगवणे तिथे अवघड, आणि शिस्तीचा खरा उपयोग तिथेच होतो.

कपिल देव आणि महेंद्रसिंह धोनी यांच्यामुळे दलाचे नाव घरोघरी पोचले. दोघेही मानद लेफ्टनंट कर्नल. धोनीने २०१५ मध्ये आग्र्याला पॅराशूटच्या उड्याही मारल्या. सचिन तेंडुलकरलाही अनेक जण यात गोवतात, पण त्याचे मानद पद हवाई दलातले आहे.

महाराष्ट्रात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या दोन पलटणी आहेत, पुण्याची १०१ वी आणि कोल्हापुरात टेंबलाई टेकडीवरची १०९ वी. देवळालीला पॅराशूट रेजिमेंटशी जोडलेली ११६ वी आहे. नागपूरच्या ११८ व्या ग्रेनेडियर्स पलटणीचा मुक्काम सीताबर्डीच्या किल्ल्यात आहे. १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली ती याच टेकडीवर. एरवी तिथे सर्वसामान्यांना प्रवेश नसतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला मात्र दरवाजा उघडतो आणि नागपूरकर मुलाबाळांसह किल्ला बघायला जातात.