कुष्ठरोगाचे ‘निर्मूलन’: एका व्याख्येची पार्श्वभूमी

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेत ओळखला गेला. त्यावर गुणकारी औषध मिळायला मात्र १९४० चे दशक उजाडावे लागले, आणि पुढे डॅप्सोन नावाच्या त्या औषधालाही जंतू दाद देईनासे झाले. आंतरराष्ट्रीय संस्थांची मोलाची कामगिरी सुरू होते ती येथून. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. भारतात हा उपचार सर्वांत आधी पोचलेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. १९९५ पासून ही औषधे आधी एका जपानी प्रतिष्ठानाच्या आणि नंतर एका औषध कंपनीच्या देणगीतून जगभर मोफत मिळू लागली. महिन्याचे एक पाकीट, त्यातला पहिला डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा आणि लघवी लालसर झाली तरी घाबरायचे नाही, हे त्याच वेळी समजावून सांगायचे, इतकी ही पद्धत सुटसुटीत होती. लाखो माणसांची बोटे, पाय आणि डोळे या पाकिटांनी वाचवले.

वाद आहे तो याच संघटनेच्या १९९१ च्या ठरावाबद्दल. ‘सन २००० पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन’ असे उद्दिष्ट त्या वर्षी जिनिव्हात ठरले आणि निर्मूलन म्हणजे दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, अशी त्याची व्याख्या झाली. इंग्रजीत रोग समूळ नष्ट होण्याला ‘इरॅडिकेशन’ आणि ठरावीक पातळीखाली येण्याला ‘एलिमिनेशन’ असे दोन शब्द आहेत. मराठीत दोहोंसाठी ‘निर्मूलन’ रूढ झाले. देवीचा रोग जगातून खरोखर गेला होता आणि तोच शब्द कुष्ठरोगालाही लागल्याने तोही तसाच गेला, असा समज पसरणे स्वाभाविक होते.

व्याख्येतला ‘रुग्ण’ हा शब्द तर अधिकच फसवा होता. मोजणीच्या दिवशी ज्याचा उपचार चालू आहे तो रुग्ण. भारतात हा दिवस ३१ मार्च. ज्याला कमी चट्टे आहेत त्याचा उपचार सहा महिन्यांचा असतो, त्यामुळे जूनमध्ये निदान झालेला असा माणूस डिसेंबरात नोंदवहीतून उतरतो आणि मार्चच्या आकड्यात दिसतच नाही. जास्त चट्टे असलेल्यांचा उपचार आधी किमान २४ महिन्यांचा होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तज्ज्ञ समितीने तो १२ महिन्यांवर आणला. या निर्णयामागे वैद्यकीय आधार होता हे मान्य करायला हवे; पण त्यामुळे एकाही नव्या माणसाचा संसर्ग न टळता नोंदवहीतली अशा रुग्णांची संख्या निम्म्यावर येऊ शकत होती, हेही तितकेच खरे आहे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात दर १०,००० मागे ५० हून अधिक रुग्ण होते. डिसेंबर २००५ मध्ये देश एकच्या खाली आला आणि निर्मूलन जाहीर झाले. त्या सुमाराचे दुसरे आकडे पाहण्याजोगे आहेत. २००४ मध्ये सुमारे २,६०,००० नवे रुग्ण सापडले होते, २००६ मध्ये सुमारे १,३९,०००. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच आणि कधीकधी वीस वर्षे घेणारा रोग दोन वर्षांत निम्मा कसा होईल? या काळात घरोघरचे सर्वेक्षण बंद झाले, स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली आणि रुग्णाने आपणहून दवाखान्यात यावे अशी अपेक्षा राहिली. डोळे मिटायला सांगून कापसाच्या धाग्याने चट्ट्याला स्पर्श करायचा आणि जाणवले तिथे बोट ठेवायला सांगायचे, ही साधी तपासणीही त्यासाठी कोणीतरी दारात गेल्याशिवाय होत नाही. चट्टा दुखत नाही, खाजत नाही. त्यामुळे माणूस येतो तो बोटे वाकडी झाल्यावर.

पुढची दहा वर्षे वार्षिक आकडा सव्वा लाखाच्या आसपास रेंगाळला. २०१६ मध्ये शोधमोहिमा पुन्हा सुरू झाल्या आणि आशा कार्यकर्त्या दारोदार जाऊ लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेचा भरही आता उपचाराधीन रुग्णांऐवजी नव्या रुग्णांवर आणि संसर्ग थांबण्यावर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्डनला निर्मूलनाची जगातली पहिली मान्यता मिळाली, ती वीसहून अधिक वर्षांत तेथे स्थानिक संसर्गाचा एकही रुग्ण न आढळल्यामुळे. भारताने २०२७ पर्यंत संसर्गाची साखळी तोडण्याचे लक्ष्य ठेवले आहे; जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही येथेच सापडतात.