रेशीम जखमेच्या टाक्यांमधून बायोइंकमध्ये कसं आलं (थोडी पार्श्वभूमी)

सोलापूर म्हणजे चादर आणि टॉवेल, सगळा सुताचा धंदा, पण आता जिल्ह्यात रेशीम किड्यांसाठी तुतीही लागलीये, आणि त्याच किड्यांच्या कोषातलं प्रथिन बायोइंक म्हणून, म्हणजे जिवंत पेशी मिसळलेली शाई म्हणून, थ्रीडी प्रिंटरमध्ये घालून कूर्चा, हाड, त्वचा बनवायचे प्रयोग चाललेत असं सांगितलं की लोक विचारतात, साडीचं रेशीम डॉक्टरांकडे कधी गेलं?

तर ते तिथं फार आधीपासून आहे. दुसऱ्या शतकात गेलन नावाच्या वैद्याने रक्तवाहिन्या बांधायला रेशीम सुचवलं होतं, मग १९व्या शतकाच्या शेवटी कोचर आणि हॉल्स्टेड या सर्जननी टाक्यांसाठी ते रुळवलं, काळ्या रेशमी दोऱ्याचे टाके तर आजही घालतात.

अडचण आली ती डिंकाची. कोषाच्या धाग्यात आत फायब्रॉइन या प्रथिनाचे दोन तंतू असतात आणि त्यांच्यावर सेरिसिन नावाचा डिंक, वजनाने साधारण पाव भाग. कच्च्या रेशमाच्या टाक्यांनी काही पेशंटना ॲलर्जी व्हायची आणि संशय या डिंकावरच गेला. रेशीम रंगवणारे आधी साबण-सोड्यात उकळून डिंक काढतात ना, लॅबमध्येही पहिली पायरी तीच आहे, आणि मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, कारण कारागिराला हे पिढ्यानपिढ्या माहीत होतं.

पुढचं मात्र नवीन. उरलेलं फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडमध्ये विरघळवायचं, डायलिसिस करून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून, ते रासायनिक मीठ काढायचं, की शुद्ध प्रथिनाचं द्रावण हातात. अमेरिकेत टफ्ट्स युनिव्हर्सिटीत डेव्हिड कॅप्लान यांच्या ग्रुपने त्यापासून स्पंज, फिल्म, जेल असं काय काय केलं.

२००३च्या सुमारास थॉमस बोलंड यांनी इंकजेट प्रिंटरमधून जिवंत पेशी छापल्या आणि बायोप्रिंटिंगला वेग आला, पण रेशीम तिथं लगेच बसलं नाही. द्रावण पातळ, छापलेला आकार टिकत नाही, घट्ट करायला जावं तर नोझल चोंदतं, आणि मेथॅनॉल या रसायनाने घट्ट करावं तर पेशीच मरतात! आयआयटी दिल्लीत सौरभ घोष यांच्या ग्रुपने त्यात जिलेटिन मिसळून टायरोसिनेज एन्झाइमने प्रथिनांचे रेणू एकमेकांना जोडून घेतले, २०१८ साली कोरियातल्या संशोधकांनी फायब्रॉइनला मेथॅक्रिलेट हे रासायनिक गट जोडून प्रकाशाने घट्ट होणारी इंक बनवली. आपल्या टसर आणि मुगा रेशमात तर पेशींना चिकटायला मदत करणारा आरजीडी हा प्रथिनाचा छोटा तुकडा मुळातच असतो, तुतीच्या रेशमात तो नाही, म्हणून आयआयटी गुवाहाटीत दोन्ही मिसळून काम झालंय.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांसाठी एक सांगण्यासारखं, बायोइंकसाठी सलग लांब धागा लागत नाही, कोष कापूनच विरघळवतात, त्यामुळे रीलिंगला, म्हणजे धागा उलगडायला, न चालणारा फुटका कोषही चालू शकतो, फक्त तो स्वच्छ हवा. पण रेशमाचं बायोप्रिंटिंग अजून बहुतेक लॅबमध्येच आहे, मागणीही तेवढीच, तेव्हा नुसती ही बातमी ऐकून कुणी तुतीचं क्षेत्र वाढवू नका.