पर्णकुटीतलं लग्न आणि त्यामागचा कायदा

पुण्यात येरवड्याच्या टेकडीवर लेडी ठाकरसींचा ‘पर्णकुटी’ नावाचा बंगला होता. १६ जून १९३३ रोजी तिथे एक साधंसं लग्न लागलं. मुलगा देवदास, महात्मा गांधींचा धाकटा. मुलगी लक्ष्मी, चक्रवर्ती राजगोपालाचारींची. तो गुजराती वाणी, ती तमिळ ब्राह्मण. मंत्र सांगायला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास याच बंगल्यात २९ मे रोजी सुटला होता, अंगात त्राण नव्हतं.

दोघांचं जमलं तेव्हा लक्ष्मी पंधरा वर्षांची होती. पाच वर्षं एकमेकांपासून दूर राहा, तरीही मन तेच सांगत असेल तर पाहू, असं दोन्ही वडिलांनी बजावलं. दोघांनी ती वर्षं काढली.

या लग्नाला शास्त्रात ‘प्रतिलोम’ म्हणत: मुलगी वरच्या वर्णाची, मुलगा खालच्या. मुंबई हायकोर्टाने १९१२ साली असं लग्न बेकायदा ठरवलं होतं. त्याच कोर्टाने १९२२ साली वैश्य पुरुष आणि शूद्र स्त्रीचं, तर १९३१ साली ब्राह्मण पुरुष आणि शूद्र स्त्रीचं लग्न मात्र ग्राह्य धरलं. म्हणजे मुलाने खालच्या वर्णात लग्न केलं तर चाललं, मुलीने केलं तर ते लग्नच नव्हे. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त सलतं ते हेच.

उरला नोंदणीचा रस्ता. १८७२च्या विशेष विवाह कायद्यात दोघांना ‘आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याच धर्माचे नाही’ असं लिहून द्यावं लागे. कायदेमंडळाचे सदस्य हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनी १९२३ साली हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना आपसात लग्न करताना ही अट माफ झाली. पण किंमत बघा: लग्न नोंदवताच मुलगा एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरलं जाई. त्याला दत्तक घेता येत नसे. तो एकुलता एक असेल तर बापाला दुसरा मुलगा दत्तक घ्यायची मुभा, जणू पोटचा मेलाच. एकविसाच्या आतल्यांना वडिलांची संमती हवी. शिवाय चौदा दिवस आधी नोटीस द्यायची, आणि ती ज्या वहीत चढे ती कुणालाही फुकट पाहता येई. पेठेतल्या एखाद्या वाड्यातल्या मुलीसाठी चौदा दिवस म्हणजे किती, हे वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

हिंदू मुलगी आणि मुसलमान मुलगा असेल, तर ती १९२३ची सवलतही नव्हती. एकाने धर्म बदलायचा, नाहीतर दोघांनी धर्म नाकारायचा. ही कोंडी १९५४ सालच्या नव्या विशेष विवाह कायद्यानेच फुटली.

विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारं विधेयक आणलं, ते पार पडलं नाही. शाहू महाराजांनी मात्र १९१९ साली कोल्हापूर संस्थानात असा कायदा केला. पुण्यात, ब्रिटिश मुलखात, १९३९ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हाही जुनंच चालू होतं.

१९४९ साली अखेर कायदा झाला. जात, पोटजात, पंथ किंवा धर्म वेगळा, एवढ्याच कारणाने हिंदूंमधलं कोणतंही लग्न अवैध नाही आणि पूर्वीही कधी नव्हतं, असं त्यात स्पष्ट म्हटलं. हिंदू या शब्दात शीख आणि जैनही धरले होते. तोवर पर्णकुटीतल्या लग्नाला सोळा वर्षं होत आली होती.