कोरडी पडलेली त्वचा आणि औषधाचे पुरळ: हार्मोन थेरपीतली नेहमीची गल्लत

कर्करोगावरील हार्मोन थेरपी (कर्करोगाला पोसणारे हार्मोन घटवणारे किंवा अडवणारे उपचार) सुरू असलेल्या रुग्णाच्या अंगाला खाज सुटली की घरातले सगळे मिळून निदान करून मोकळे होतात: गोळीची ॲलर्जी. मग ज्याची त्वचा केवळ कोरडी पडली आहे तो परस्पर गोळी बंद करतो आणि पुढच्या तपासणीपर्यंत डॉक्टरांना त्याचा पत्ता नसतो. आणि ज्याच्या अंगावर खरोखरच औषधाचे पुरळ उठले आहे तो मात्र ‘कोरडेपणा आहे, जाईल’ म्हणून तेल चोळत बसतो. दोन्ही चुका महागात पडतात. त्यांतली पहिली अधिक, कारण स्तनाच्या कर्करोगात ही गोळी बहुधा पाच ते दहा वर्षे घ्यायची असते आणि ती बंद केल्याचे नुकसान लगेच जाणवत नाही.

कोरडेपणाविषयी फार सांगायला नको, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. त्वचेतल्या तैलग्रंथी अँड्रोजेनवर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनवर चालतात, त्यामुळे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या उपचारात टेस्टोस्टेरॉन तळाला गेले की तेल पाझरणे कमी होते. स्तनाच्या कर्करोगासाठी लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटते, त्याबरोबर त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिन घटते, त्वचा पातळ होते आणि पाणी धरून ठेवण्याची तिची ताकद उणावते. म्हणजे औषधाचे जे मूळ काम, त्यातूनच हा त्रास उद्भवतो. (ज्याची त्वचा कोरडी पडत नाही त्याचे औषध लागू पडत नाही, असा उलटा अर्थ कृपया कोणी काढू नये.) पुरळाचे तसे नाही. तिथे हार्मोनच्या पातळीचा प्रश्न नसून शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या औषधावरच उठलेली असते.

आता खरा प्रश्न: खाज आधी आली की डाग आधी आले? बहुतेक गोंधळ इथे होतो, आणि हा एकच प्रश्न नीट विचारला तर बराचसा सुटतो. कोरड्या त्वचेला स्वतःचे असे पुरळ नसते. ती निस्तेज दिसते, तिच्यावर बारीक कोंडा धरतो, नडगीवर तर सुकलेल्या चिखलाला तडे जावेत तशी जाळी दिसते; पण त्यावरचे लाल ओरखडे आणि खपल्या बव्हंशी रुग्णाच्या स्वतःच्या नखांनी काढलेल्या असतात. ते ओरखडे लांबट, एकमेकांना समांतर आणि हात पोहोचेल तिथेच असतात. म्हणून पाठ बघावी. दोन खांद्यांच्या फऱ्यांमधला भाग, जिथे आपला हात सहसा जात नाही, तो स्वच्छ असेल आणि खांदे, हात, मांड्या, पोटऱ्या मात्र ओरबाडलेल्या असतील, तर खाज आधीची आणि खुणा नंतरच्या. (घरात पाठ खाजवायची काठी असेल तर मात्र ही खूण बाद.) औषधाचे पुरळ असा भेद करत नाही. ते बहुधा छाती, पोट, पाठ इथून सुरू होऊन हातापायांकडे पसरते, दोन्ही अंगांना साधारण सारखे असते, आणि हात न पोहोचणाऱ्या जागीही उठते. सावळ्या त्वचेवर लाली शोधू नये, ती दिसेलच असे नाही. तिथे पुरळ काळपट किंवा जांभळट दिसते, आणि डोळ्यांपेक्षा बोट अधिक उपयोगी पडते. डोळे मिटून बोट फिरवल्यावर बारीक उंचवटे लागले तर तो कोरडेपणा नव्हे.

दुसरी खूण काळाची, आणि तिच्याबाबत एक गैरसमज चिवट आहे. ‘गोळी सुरू होऊन तीन महिने झाले, आता कसली आली ॲलर्जी?’ हे वाक्य शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येते. पहिल्याच गोळीनंतर काही तासांत गांधी उठणे हा ॲलर्जीचा केवळ एक प्रकार आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दिले जाणारे अपालुटामाइड हे उशिरा उठणाऱ्या पुरळाचे ठळक उदाहरण. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याच औषधाच्या स्पार्टन नावाच्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांपैकी २३.८ टक्के रुग्णांना पुरळ आले, तर तुलनेसाठी औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ५.५ टक्के होते. आणि ते येण्याचा मध्य काळ साधारण ८० दिवसांचा होता, म्हणजे निम्म्या जणांना ते त्याहूनही उशिरा आले. तेव्हा ‘इतके दिवस सोसली’ हा पुरावा होत नाही. काळाबद्दल विचारायचेच असेल तर वेगळे विचारावे: त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, हे सांगता येते का? कोरडेपणा हळूहळू, महिनोन्‌महिने वाढतो, त्याला तारीख नसते. पुरळाच्या रुग्णाला बहुधा वार आठवतो. त्याच आठवड्यांत एखादे अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक नव्याने सुरू झाले होते का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे, कारण आळ हार्मोनच्या गोळीवर आणि दोषी दुसराच, असेही घडते.

उपचारांत फरक पडतो म्हणूनच हा सगळा खटाटोप. कोरड्या त्वचेचा उपाय बाहेरून आहे: कोमट पाणी, थोडक्यात आटोपलेली अंघोळ, अंग पुरते कोरडे होण्याआधी लावलेले बिनवासाचे जाड क्रीम. पातळ, सुगंधी लोशनवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कडकडीत पाण्याने खाज तेवढ्यापुरती शमते आणि तासाभरात दुप्पट होऊन परतते. ॲलर्जीच्या गोळ्या या खाजेवर फारशा चालत नाहीत, कारण ही खाज हिस्टामिनची, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडते त्या रसायनाची, नसतेच. त्यांनी झोप येते, आणि लोकांना वाटते गुण आला. उरलेसुरले स्टेरॉइडचे मलम कोणाला न विचारता चोळणे हा तर प्रकारच बंद व्हायला हवा. आधीच पातळ झालेली त्वचा त्याने आणखी पातळ होते. पुरळाच्या बाबतीत निर्णय गोळीबद्दलचा असतो आणि तो कर्करोगतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो: काही दिवस थांबवायची, मात्रा कमी करून पुन्हा सुरू करायची, की औषधच बदलायचे. पुष्कळ रुग्णांचा उपचार पुढे सुरळीत चालू राहतो, हे आवर्जून सांगायला हवे.

बाकीचे घोळ किरकोळ. अंगात एकाएकी उष्णतेची लाट येऊन चेहरा, मान, छाती लाल होणे, घाम फुटणे आणि काही मिनिटांत सगळे ओसरणे, हे ना पुरळ ना कोरडेपणा. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीच्या डेगारेलिक्सच्या इंजेक्शनच्या जागी पोटावर होणारी लाल, दुखरी सूज त्या जागेपुरतीच असते. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असताना क्वचित पूर्वी रेडिएशन दिलेल्या भागातच, त्याच्याच हद्दीत, लाली उमटते. तेवढी चौकट ओळखू आली की निदान सोपे होते. मात्र दोन गोष्टी किरकोळ नाहीत आणि त्यांचे खापर हार्मोनच्या गोळीवर फोडू नये: स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या बाजूचा एकच हात लाल, गरम आणि सुजलेला असणे, कारण तो बहुधा जंतुसंसर्ग असतो, आणि व्रणाजवळ नवी गाठ किंवा कडक चट्टा येणे, जो त्याच आठवड्यात दाखवायला हवा.

पुरळासोबत ताप, तोंडात, डोळ्यांत किंवा जननेंद्रियांवर फोड, त्वचा सोलली जाणे, खाजेपेक्षा आग आणि दुखणे जास्त असणे, चेहऱ्यावर सूज किंवा श्वासाला त्रास, यांपैकी काहीही असेल तर वर सांगितलेली पारख करत बसू नये. पुढची गोळी न घेता तडक रुग्णालयात जावे. एरवी फोनवर वर्णन करत बसण्यापेक्षा दिवसाच्या उजेडात छायाचित्रे काढावीत, एक जवळून आणि एक संपूर्ण पाठीचे, आणि ती मलम लावण्याआधी काढावीत. सोबत सर्व औषधांची यादी, प्रत्येकाच्या सुरुवातीच्या तारखेसह, कागदावर लिहून न्यावी.