भाषिक भेदभावाच्या तक्रारी (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव जिल्ह्यातील मराठी भाषकांना सरकारी कामकाज, शिक्षण आणि नोकरी यांत भाषेमुळे जी वेगळी वागणूक मिळते, तिच्याविरुद्ध शासकीय यंत्रणांकडे केलेल्या तक्रारी व त्या हाताळण्याची पद्धत. सीमाभागात अशा कागदाला ‘तक्रार’ क्वचितच म्हणतात. ‘निवेदन’ हाच रूढ शब्द. निवेदन डीसी ऑफिसात (जिल्हाधिकारी कार्यालयात) द्यायचे, बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत, नोंदवून पोच घ्यायची आणि वाट पाहायची.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुंबई राज्यातील मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. ज्यांची भाषा नव्या राज्यात अल्पसंख्य ठरली, त्यांच्यासाठी त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने दोन अनुच्छेद आले. ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतो. ३५०-ख नुसार राष्ट्रपती भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमतात. हेच भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. त्यांचे कार्यालय १९५७ मध्ये सुरू झाले. त्याआधीपासूनच्या अनुच्छेद ३५० मुळे राज्यात किंवा संघात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. उत्तर कोणत्या भाषेत द्यायचे, याबद्दल मात्र हा अनुच्छेद गप्प आहे. पुढे भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्करक्षणासाठी केंद्र व राज्यांनी मान्य केलेल्या योजनेत उत्तरही शक्यतो त्याच भाषेत द्यावे असे आले. त्यातल्या ‘शक्यतो’ या शब्दात बरेच काही मावते. मराठीत दिलेल्या निवेदनाला कन्नडमध्ये उत्तर येणे आणि ते वाचून घ्यायला कोणाला तरी शोधावे लागणे, हा इकडचा जुनाच अनुभव.

तक्रारीचे खरे भांडण टक्क्यांवर होते. जिल्ह्यात किंवा त्याहून लहान भागात, म्हणजे तालुक्यात वा नगरपालिकेत, अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक असेल तर महत्त्वाचे नियम, परिपत्रके व सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असा या योजनेतला संकेत आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा नोंदवणारे सुमारे १८ टक्के होते. बेळगाव व खानापूर तालुक्यांत आणि निपाणी परिसरात हे प्रमाण कितीतरी जास्त, तर सौंदत्ती-रामदुर्गाकडे नगण्य. म्हणून ‘मराठीतून परिपत्रके द्या’ या मागणीचा आधार भावनेपेक्षा हिशेबाचा आहे. उतारे, मतदारयाद्या, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, बसवरील पाट्या हे निवेदनांचे नेहमीचे विषय. त्यांवर राज्याचे उत्तर कर्नाटकाच्या १९६३ च्या राजभाषा कायद्याचे आणि अलीकडे २०२२ च्या कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्याचे असते. नामफलकावर ६० टक्के कन्नड हवे, हा आग्रह त्यातलाच. केंद्राची योजना हा करार आहे आणि राज्याचा कायदा हा कायदा. टेबलामागचा कारकून कोणाचे ऐकणार हे सांगायला नको.

शाळांबाबत नियम अधिक नेमका आहे. वर्गात १० किंवा शाळेत ४० विद्यार्थी एखाद्या भाषेचे असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा, आणि प्रवेशाआधीच अशा मुलांची आगाऊ नोंद करायची. ही नोंदवही ठेवली, तर पटसंख्या नाही म्हणून शिक्षक नाही आणि शिक्षक नाही म्हणून पट घसरला, हे चक्र पहिल्याच वळणावर पकडता येते. नोकरभरतीतही राज्यभाषेचे ज्ञान ही प्रवेशाची अट असू नये, परीक्षा परिवीक्षा काळात घ्यावी, असे योजनेत म्हटले आहे.

आयुक्तांकडे तक्रार गेली की ते राज्य सरकारला विचारणा करतात. राज्य ती जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते आणि जिल्हाधिकारी संबंधित खात्याकडे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच टेबलावर कागद येतो आणि अहवालही तोच लिहितो. आयुक्तांना दंड करण्याचा किंवा आदेश देण्याचा अधिकार नाही. ते शिफारस करतात, राष्ट्रपतींना अहवाल देतात आणि तो संसदेपुढे ठेवला जातो. त्यांचे एक विभागीय कार्यालय बेळगावातच होते. सीमाभागाचे महत्त्व दिल्लीने मानल्याची ती खूण होती. पुढे ते चेन्नईला हलवले गेले. ते परत आणावे, ही मागणी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती करत आली आहे.

दुसरी वाट राज्य मानवी हक्क आयोगाची. १९९३ च्या कायद्याप्रमाणे घटना घडल्यापासून वर्षाच्या आत तिथे जावे लागते. आयोगाला साक्षी-कागदपत्रे मागवता येतात, पण शेवट पुन्हा शिफारशीनेच. दिरंगाई व गैरकारभारासाठी लोकायुक्त आहेत. बंधनकारक निकाल हवा असेल तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट करावी लागते. न्यायालयाने भाषेबाबत सरकारला रोखल्याचे ठळक उदाहरण ६ मे २०१४ चे आहे. प्राथमिक शाळेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवायचे ते पालकांनी, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले. त्याचा फायदा सर्वाधिक इंग्रजी शाळांनी उठवला, ही गोष्ट वेगळी.

याउलट याच जिल्ह्यात जातीवरून अपमान झाला, तर मार्ग पूर्ण निराळा. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो, तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, आणि कर्नाटकात नागरी हक्क अंमलबजावणी संचालनालय लक्ष ठेवते. तिथेही ढिलाई होते, पण ढिलाई करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षेची तरतूद आहे. भाषेपायी नाकारलेल्या कागदासाठी असे कलम नाही.

सीमावादाचा मूळ दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. डिसेंबर २०२२ मध्ये वातावरण तापल्यावर केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावले. दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती आणि परभाषकांना त्रास होऊ नये म्हणून वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमायचे ठरले. रोजची निवेदने मात्र अजूनही डीसी ऑफिसच्या बारनिशीतच नोंदली जातात.