‘पहिल्या दिवशीच मालक कोण ते दाखवा’ हा सल्ला चुकीचा आहे

लांडगा-संकर कुत्रा दत्तक द्यायचा म्हटलं की पुण्यात कुणीतरी हमखास सांगतं, ‘लांडग्याचं रक्त आहे, उताणा पाडून धरा, मग ऐकेल.’ कृपया असं करू नका.

लांडग्यांच्या कळपात मारामारी करून वरचढ ठरणाराच म्होरक्या होतो, ही समजूत बळावली लांडग्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून. त्यांनी पाहिलेले लांडगे पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले होते, मारामाऱ्या होणारच. ही कल्पना ज्यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे पसरली, त्या अमेरिकन लांडगा-संशोधक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये ती खोडून काढली: रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. सासवडच्या माळावरचे लांडगेही कुटुंबानेच राहतात.

भेदरलेला कुत्रा ओठ चाटतो, शेपूट पोटाखाली घेतो, नजर चुकवतो. त्याला दाबून धरलं की तो गप्प होतो, पण ती शांतता नसते, भीतीने तो थिजलेला असतो. गुरगुरण्यावर मार बसला, तर पुढच्या वेळी तो न गुरगुरताच चावू शकतो.

त्याला हात न लावता लांबून खाऊ टाका, जवळ यायचं त्याला ठरवू दे. ढोल-ताशांच्या दिवसांत त्याचं घर बदलू नका. आणि देणाऱ्यांनो, तो कशाला घाबरतो, कुंपण ओलांडतो का, हे काहीही न लपवता सांगा.