चौदा सेंटांचा गांधार

मोबाइलने बाईंना बेसूर ठरवलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या गाण्याच्या क्लासात नवीन आलेल्या मुलीने ट्यूनरचं ॲप उघडून ठेवलं होतं. बाईंनी यमन रागाचा गांधार ('ग') लावला आणि काटा डावीकडे कलला, उणे १४. मुलगी गोरीमोरी झाली. बाई शांतपणे म्हणाल्या, "तो पालथा ठेव आणि तंबोऱ्याला कान लाव."

जवारी, म्हणजे घोडीवर तारेचा गुंजता स्पर्श, नीट लागली असेल तर खर्जाच्या (सगळ्यांत खालच्या 'सा'च्या) तारेतून कुणीही न छेडलेला एक गांधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. बाई त्याच्याशी गळा जुळवत होत्या आणि ॲप त्यांना पेटीच्या गांधाराशी ताडून पाहत होतं.

बाईंची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी हा त्यांचा 'सा'. त्यांच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला साधारण १०३.८ वेळा कंप पावतो. त्याच तारेत दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगाची कंपनंही सुरू असतात. त्यातलं पाचपटीचं, म्हणजे ५१९ कंपनांचं, तेच स्वयंभू गांधार. एक सप्तक खाली आणलं की २५९.६. पेटीचा गांधार मात्र २६१.६. फरक दोन कंपनांचा.

पण "दोन कंपनं" हे माप कामाचं नाही. हाच गांधार तार सप्तकात घेतला तर फरक चार कंपनांचा होतो, आणि कानाला तो तेवढाच वाटतो. कान वजाबाकी करत नाही, तो पट मोजतो. षड्ज (सा) आणि तार षड्ज (वरचा सा) यांत दुप्पट, षड्ज-पंचमात (सा-प) दीडपट, षड्ज आणि त्याच सप्तकात आणलेल्या स्वयंभू गांधारात सव्वापट. सतराव्या शतकात अहोबलाने 'संगीत पारिजात'मध्ये स्वरांच्या जागा वीणेच्या तारेची लांबी भागून दाखवल्या, त्याही याच हिशोबाच्या: तार निम्मी केली की तार षड्ज.

पटींची अडचण अशी की त्यांची बेरीज करता येत नाही. इथे चक्रवाढ व्याज आठवावं. पेटीच्या प्रत्येक पुढच्या सुराला कंपनं ५.९५ टक्क्यांनी वाढतात आणि बारा सुरांत दामदुप्पट होते. (सहा टक्क्यांची ठेव बारा वर्षांत दुप्पट होते, हे पेन्शनरांच्या पुण्याला मी सांगायला नको.) तीच दामदुप्पट बारा हप्त्यांऐवजी १२०० सारख्या हप्त्यांत केली, तर एक हप्ता म्हणजे एक सेंट, सुमारे ०.०५८ टक्के. शाळेतलं लॉगरिदम तेवढं आठवायचं, की गुणाकाराची बेरीज होते. षड्ज-पंचम ७०२ सेंट, पंचम ते तार षड्ज ४९८, मिळून १२००. सव्वापटीचा गांधार ३८६ वर येतो. पेटीत प्रत्येक सूर शंभराच्या पटीत असल्यामुळे तिचा गांधार ४०० वर. ॲपने दाखवलेले १४ ते हेच.

हे माप रूढ केलं इंग्लंडच्या अलेक्झांडर एलिसने. १८८५ साली वेगवेगळ्या देशांच्या स्वरसप्तकांवरचा त्याचा निबंध आला. गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा कान सुराला कच्चा होता, आणि सूर जुळवण्याच्या कामात त्याला पियानोंचा जाणकार असलेल्या अल्फ्रेड हिपकिन्सची मदत होती. त्याच्या आधी, १७०१ साली, फ्रान्सच्या जोसेफ सोव्हरने सप्तकाचे ३०१ भाग केले होते, कारण दोनचं लॉगरिदम ०.३०१. सोव्हरला तर लहानपणापासून ऐकण्या-बोलण्याची अडचण होती. ज्यांचा कानावर भरवसा नव्हता त्यांनीच फूटपट्ट्या शोधल्या, याचं मला नवल वाटत नाही. तयार कानाच्या माणसाला त्यांची गरज कुठे भासते?

आपल्याकडे माप होतं ते श्रुतीचं, म्हणजे सप्तकातल्या बारीक टप्प्यांचं. 'नाट्यशास्त्रा'त दोन वीणा सारख्या लावून एकीचे सूर पायरीपायरीने उतरवत २२ श्रुती मोजल्या आहेत. षड्जग्रामात, म्हणजे त्या काळच्या एका मूळ स्वररचनेत, सात स्वरांच्या वाट्याला त्या चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा येतात. मात्र एक श्रुती म्हणजे किती पट, हे तिथे आकड्यात दिलेलं नाही. ते आकडे बसवण्याचा ध्यास सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी घेतला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरांची साथ घेऊन त्यांनी मोजणी केली आणि १९१० साली २२ श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. पुढे क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुढाकाराने श्रुतींची पेटीही झाली. या पद्धतीच्या मांडणीत सगळ्या श्रुती सारख्या नसतात. त्या तीन मापांच्या निघतात, साधारण २२, ७१ आणि ९० सेंटांच्या. अनुक्रमे दहा, पाच आणि सात घेतल्या की बेरीज बरोबर १२०० भरते.

बेरीज इतकी सुबक आली की मला जरा शंकाच येते. जैराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी १९६३ साली प्रत्यक्ष गायन-वादनातले सूर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच रागातला एकच स्वर कलावंतागणिक हललेला सापडला, एकाच मैफलीतही हललेला. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे झुलता, गांधार तर एका जागी थांबतच नाही. त्याला सेंट लावायचे म्हणजे झोका नेमका कुठे आहे हे विचारण्यासारखं. आणि चार-पाच सेंटांच्या आतला फरक चांगल्या कानालाही सहसा कळत नाही, तेव्हा दशांशापर्यंतचे वाद कागदावरच बरे.

१४ सेंट मात्र कळतात. बाईंच्या तंबोऱ्यासोबत पेटीचा गांधार दाबून धरला, तर ५१९ आणि ५२३ कंपनं एकमेकांवर आपटून सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. पुस्तकात त्यांना विस्पंद म्हणतात, बाई त्याला "खरखर" म्हणतात.

ती घालवायला मी पेटी दुरुस्तीला नेली. पितळी सूर (पेटीतली पितळेची पट्टी) मुळाशी खरवडला की उतरतो, टोकाशी खरवडला की चढतो. कारागिराने विचारलं, "गाणार कोण?" काळी चारचा गांधार म्हणजे पांढरी एक. तीच पांढरी एक, पांढरी चारमध्ये गाणाऱ्याचा पंचम. तो ७०२ वर हवा, आणि खरवडल्यावर ६८६ वर येणार. माझी बायको पांढरी चारमध्ये गाते. पेटी तशीच परत आणली.